गोड्या पाण्यातले मासे

कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध काचेची टाकी, टाकीत लाल मासे आणि शेजारी कंपनीचे सल्लागार. कोटाच्या खिशात ते कायम झाडाचं ताजं पान खोचत, म्हणून कामगार त्यांना हिरवे महाराज म्हणत.

"हे पाणी कुठलं?" महाराजांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "तुमच्याच रंगखात्याचं सांडपाणी, शुद्ध झालेलं. निसर्ग, कामगार आणि स्वच्छ कारभार, या तिघांना जपा. नफा तुमचा पत्ता विचारत येईल. आला की नाही?"

"आला," मालक म्हणाले. टाकी बसवल्यापासून नफा चढतच होता, हे खरं होतं. कापड घ्यायला आलेल्या पाहुण्यांसमोर ते टाकीतलं पेलाभर पाणी प्यायले. "अगदी गोड."

टाळ्या पडल्या. काहींनी तर टाकीला हात जोडले.

मागे प्रयोगशाळेतल्या बाई उभ्या होत्या, सोबत कंपनीच्या वसाहतीत राहणारी त्यांची नणंद. तिला सातवा महिना होता.

"वहिनी, आमच्या बोअरच्या पाण्याने चहा नासतो," ती म्हणाली. "माझे पाय बघा, कसे सुजलेत. डॉक्टर म्हणतात, रक्तदाब वाढलाय. हे गोड पाणी आम्हालाही द्या म्हणावं."

बाई थबकल्या. गोड कसं? रंग कापडाने धरावा म्हणून पोत्यांनी मीठ ओततात. शुद्धीकरणात रंग जातो, घाण जाते, पण मीठ जात नाही. ते काढायचं यंत्र इथे नाहीच. ते पाणी खरंच रंगखात्याचं असतं, तर मासे केव्हाच उलटे तरंगले असते. सांडपाण्याचे नमुने आताशा महाराजांचीच माणसं तपासत, बाईंकडे फक्त रंग येत.

बाई प्रयोगशाळेतून मीठ ओळखणाऱ्या सिल्व्हर नायट्रेटची बाटली आणि दोन परीक्षानळ्या घेऊन आल्या.

"मॅडम, विश्वासाला परीक्षानळी लागत नाही," महाराज हसले.

"पाण्याला लागते," बाई म्हणाल्या. "मीठ भरपूर असेल तर दह्यासारखा साका येईल."

टाकीचं पाणी जेमतेम धूसर झालं. मग नणंदेच्या बाटलीतलं बोअरचं पाणी घेतलं. थेंब पडताच नळी पांढरीफटक झाली.

"म्हणजे काय?" एका पाहुण्याने विचारलं.

"टाकीत नळाचं पाणी आहे. रंगखात्याचं कुठे जातं, ते चालून बघू."

गर्दी शुद्धीकरणाच्या हौदांकडे निघाली. हौद कोरडे, हवा देणारे पंखे गंजलेले. एक जाड पाइप मात्र ओला होता. तो भिंतीखालून गेला होता, वसाहतीमागच्या बंद पडलेल्या बोअरमध्ये. तिथून ते पाणी जमिनीत मुरून वसाहतीच्या बोअरला लागत होतं.

"वीज वाचली, रसायनं वाचली, माणसांचा पगार वाचला," बाई म्हणाल्या. "तोच तुमचा नफा. चांगलं वागल्याने आलेला नाही, चांगलं वागणं बंद केल्याने आलाय."

पाहुणे गाडीत बसले.

"झालं समाधान?" युनियनचा पुढारी बाईंना म्हणाला. "ऑर्डर गेली. आता शास्त्र शिजवून खायचं का?"

बाई परीक्षानळ्या घेऊन प्रयोगशाळेत परतल्या.

त्याच आठवड्यात नणंदेला वेळेआधी कळा आल्या. मूल राहिलं नाही. पाण्यामुळेच गेलं असं सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले; पाण्याचा संबंध नाही, असंही सांगता येत नाही. पाइप तोडला, पण जमिनीत मुरलेलं मीठ निघायला वर्षं जाणार होती.

नणंद भिंतीकडे तोंड करून पडली होती. "वहिनी, आम्ही पण टाळ्या वाजवल्या हो."

"मासे जिवंत होते, नफा खरा होता," बाई म्हणाल्या. "दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या की तिसरी खोटी खपते. चांगलं वागणाऱ्या कंपनीची भरभराट होतही असेल, ते तपासता येतं. पण आधी ती चांगली वागते का, ते बघायला हवं. दाखवतात तिथे बघून भागत नाही गं. भिंतीपलीकडे कोण राहतं, त्यांना विचारायचं."

"आम्हीच राहतो तिथे," नणंद म्हणाली. "आम्हाला कोणी विचारलंच नाही."