काचेत रुतलेला नकाशा

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. हल्लीचे सडपातळ, भिंतीला चिकटून बसणारे पडदे बघितलेत ना, तसा मुळीच नाही! मी पुढून चौकोनी आणि मागून हे एवढं कुबड असलेला. मला उचलायचं म्हणजे माणसाच्या कमरेची परीक्षाच. सध्या कामणच्या एका भंगार गोदामात, तुटक्या कीबोर्डांच्या ढिगावर मी उताणा पडलो आहे. माझी वायर कोणीतरी कापून नेली. दुपारी पत्र्याच्या फटीतून ऊन आलं, की माझ्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात एक वाकडीतिकडी तपकिरी रेघ दिसते. ती कशी आली, ते मला कोणाला तरी सांगायचंच आहे. तुम्ही ऐकाल ना?

माझा जन्म १९९७ सालचा. कारखान्यात माझ्या काचेला आतून चमकणारा लेप दिला, तेव्हा मी काय तोऱ्यात होतो म्हणून सांगू! पण नशिबी आलं एक ऑफिस. चार वर्षं नुसती पत्रं दाखवली, 'महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत. मग ऑफिसने नवे मॉनिटर घेतले आणि मला काढून टाकलं. तिथून मला वसईच्या एव्हरशाईन सिटीत जयवंत अंकलनी आणलं. त्यांचं गेम पार्लर होतं. त्यांनी माझ्या टेबलाला चक्क स्टिअरिंग ठोकलं, खाली पायाला ब्रेक लावला आणि माझ्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम सुरू केला. अहाहा! 'आपला विश्वासू' लिहिणारा मी एकदम दोनशेच्या वेगाने पळायला लागलो.

तिथे सेलिन यायची. नववी संपवून दहावीत गेलेली, दोन वेण्या, सायकलवरून येताना घामाने डबडबलेली. तिचा मोठा भाऊ ऑस्टिन सोबत असायचा. गेममध्ये माझ्या उजव्या कोपऱ्यात शर्यतीच्या रस्त्याचा छोटा नकाशा यायचा आणि त्यावर गाडीचा लाल ठिपका पळायचा. सेलिनचा एक डोळा सदा त्या ठिपक्यावर.

"ए नकाशाराणी, समोर बघ ना!" ऑस्टिन ओरडायचा. "रस्ता समोर आहे, कोपऱ्यात काय शोधतेस?"

"तुला जमत नाही म्हणून जळतोस. मला पुढचं वळण आधीच कळतं."

"पुढचं कळतं, पण हातातलं जातं त्याचं काय?"

एकदा त्याने रागाने कॅलेंडरचा पुठ्ठा फाडला आणि माझ्या कोपऱ्यावर टेपने चिकटवला. नकाशा झाकला गेला. पहिल्या चक्करीत सेलिन तीन सेकंदांनी मागे पडली. चौथ्या चक्करीत मात्र अर्ध्याच सेकंदाने! ती रस्त्याकडे बघायला लागली होती, इंजिनाचा आवाज ऐकायला लागली होती. पुठ्ठा आठवडाभर राहिला असता, तर कोण जाणे! पण तिने तो टर्रकन उपटला. "मला माझा नकाशा पाहिजे."

नकाशा मदत करतो की नडतो, यावर त्या दुकानात रोज भांडणं व्हायची. मी दोघांनाही जवळून पाहिलं, म्हणून सांगतो. नव्या रस्त्यावर नकाशा बोट धरून नेतो, हे खरंच. पण बोट धरायची सवय लागली, की माणूस पायाखाली बघत नाही.

त्या पावसाळ्यात सेलिनने दुकानाचा रेकॉर्ड मोडला. जयवंत अंकलची एक पद्धत होती. ज्याचा रेकॉर्ड, त्याची शर्यत शेवटच्या क्षणी थांबवायची आणि ते चित्र तसंच ठेवून मला रस्त्याकडे तोंड करून बसवायचं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी तसाच असायचो आणि शटर पाडल्यावरही तसाच. खाली पाटी, 'रेकॉर्ड : सेलिन'. बाजारातून येणाऱ्या बायका थांबून वाचायच्या. शाळेतल्या मुली काचेला नाक लावायच्या. आठ महिने मी तेच एक चित्र, तोच एक नकाशा दाखवत उभा होतो.

मित्रांनो, आमच्या काचेवर एकच चित्र सतत ठेवलं, की आतला लेप त्या जागी झिजतो. तो आकार मग कधीच जात नाही. जयवंत अंकलना हे एका सकाळी कळलं. ते माझ्या पडद्यावर पांढऱ्या पानावर पत्र टाईप करत होते आणि कोपऱ्यात ती तपकिरी रेघ दिसली. त्यांनी फडक्याने पुसली. गेली नाही. "जाऊ दे, कोपऱ्यातच आहे," असं पुटपुटून त्यांनी पत्र पूर्ण केलं. सेलिन रोज तोच रस्ता चालवायची. खरा नकाशा बरोबर त्या रेघेवर बसायचा, म्हणून तिला काहीच दिसलं नाही.

२००३ च्या मे महिन्यात वसई आणि नालासोपाऱ्याच्या पार्लरांची स्पर्धा ठरली, आमच्याच दुकानात. आदल्या आठवड्यात सेलिनचे पप्पा, मार्सेल अंकल, तिला न्यायला आले.

"दहावीनंतर कंप्युटरचा डिप्लोमा करायचाय म्हणे," ते म्हणाले. "कंप्युटरवर तू करतेस काय? गाड्या उडवतेस."

"पप्पा, स्पर्धा बघायला या. जिंकले तर डिप्लोमा."

"आणि हरलीस तर क्लारा आत्याकडे शिवणक्लास. मग रडायचं नाही."

"डन!" असं हसत म्हणाली ती. मला अजून तो आवाज आठवतो.

अंतिम फेरीत दोघंच उरले, सेलिन आणि नालासोपाऱ्याचा सिद्धेश. स्टिअरिंग फक्त माझ्याकडे, म्हणून दोघांनी आळीपाळीने माझ्यावरच चालवायचं होतं. चिठ्ठी उचलून नवाच रस्ता निघाला. सराव नाही, तीन चकरा, ज्याचा वेळ कमी तो जिंकला. सिद्धेश आधी बसला. त्याने बसल्या बसल्या नकाशा बंद केला. "मला लागत नाही तो," म्हणाला, आणि झकास चालवली.

मग सेलिन बसली. तिने नकाशा चालू केला. हिरव्या गवतावर नव्या रस्त्याची पांढरी रेघ उमटली आणि तिच्या आरपार माझी जुनी तपकिरी रेघ!

"अंकल, इथे दोन-दोन रेघा दिसतायत."

जयवंत अंकलनी माझ्याकडे बघितलं. मग खोलीभर जमलेल्या माणसांकडे. "अगं चालव, वेळ सुरू झाला!"

तिने चालवली. दोन चकरा दात आवळून काढल्या. तिसरीत ती सिद्धेशच्या वेळेच्या पुढे होती, थोडीशीच, पण होती! मग ते वळण आलं. पांढरी रेघ उजवीकडे, तपकिरी डावीकडे. कोणती खरी, हे बघायला तिचे डोळे कोपऱ्यात गेले. पापणी लवेपर्यंतच. गाडी टायरांच्या ढिगावर आपटली.

"मॉनिटरवर डाग आहे! आधीच सांगितलं होतं मी!" ती किंचाळली.

"हरलं की सगळ्यांचा मॉनिटर खराब असतो," सिद्धेश म्हणाला. सगळे हसले. "मीपण ह्याच्यावरच चालवली ना?"

"अंकल, तुम्ही सांगा ना," सेलिन म्हणाली.

जयवंत अंकलनी हात लांब केला आणि मला बंद केलं. काळ्या काचेवर नुसत्या डोळ्यांनी ती रेघ दिसत होती, त्यांनाही दिसली. त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून फिरवलं. "आमच्या मशीनमध्ये काही प्रॉब्लेम नाही," ते म्हणाले.

मार्सेल अंकल एवढंच म्हणाले, "चल." ऑस्टिन काहीतरी बोलायला गेला, पण त्यांनी हात वर केला. सेलिन रडली नाही, तसं ठरलंच होतं ना. ती पुन्हा कधीच दुकानात आली नाही. जूनमध्ये ऑस्टिन एकटा आला आणि अंकलना म्हणाला, "तिने फॉर्म नाही भरला." अंकल मान खाली घालून कीबोर्ड पुसत राहिले. मला वाटतं, ती रेघ पुन्हा दिसायला नको म्हणूनच त्यांनी पुढच्याच महिन्यात मला भंगारात दिलं.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या दिवशी बोललो असतो. तुम्हाला तोंड आहे. एकच चित्र महिनोन्महिने ठेवून आमची काच जाळू नका, हे तर सांगतोच. पण त्याहून मोठी विनंती ही, की हरलेलं कोणी 'इथे काहीतरी चुकतंय' म्हणालं, तर हसायच्या आधी त्याच्या खुर्चीत जाऊन बसा आणि तो बघतो तिथे बघा. त्या दिवशी खोलीत चाळीस माणसं होती. एकाने जरी वाकून बघितलं असतं, तरी पुरलं असतं.