आनंदराव आणि माझा आवाज

मी एक जुनं इंजिन आहे. पण नाव ऐकून भलता गैरसमज करून घेऊ नका. रेल्वे ओढणारा तो मी नव्हे. मोठ्या माणसाच्या मुठीत मावेल एवढाच माझा जीव. रिमोटवर धावणाऱ्या हातभर लांबीच्या एका मोटारीत माझी उभी हयात गेली. आता कामठीतल्या एका घरात, फळीवर, हिंगाच्या रिकाम्या डबीशेजारी पडून असतो. दमलोय, मित्रांनो. बोलणंसुद्धा जिवावर येतं. पण तुम्ही पोरं येता-जाता मला हात लावता आणि "हे बिघडलेलं आहे" म्हणता, ते काही ऐकवत नाही. म्हणून एकदाच काय ते सांगून टाकतो.

माझा जन्म परदेशातला. छावणीतल्या एका मेजरसाहेबांनी मला इकडे आणलं. माझ्या आतला एक दांडा तुटला, तेव्हा तो लेथवर घडवून देणारा माणूस साहेबांना कामठीतच मिळाला. ते आनंदराव. पुढे एकोणऐंशी साली साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी गाडी, रिमोट आणि तीन जादा प्लग आनंदरावांच्या हातात ठेवले आणि म्हणाले, हे तुमच्याकडेच शोभतं.

आनंदराव पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. चाळीस माग एकदम खडखडत असताना त्यातला कुठला नीट चालत नाही, हे ते दारातून सांगत. वीस वर्षं त्या खडखडाटात काढली त्यांनी. रविवारी मात्र ते अंगणात पाट टाकून माझ्यापाशी बसत. शेजारी त्यांची बायको कौसल्याबाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत असत.

माझं खाणं-पिणं सांगतो. पेट्रोल मला चालत नाही. मिथेनॉलमध्ये एरंडेल मिसळून द्यावं लागतं. साहेबांच्या डब्यात नायट्रो नावाचं जोर वाढवणारं रसायनही होतं. ते संपल्यावर आनंदरावांनी मला त्याच्याविना राहायची सवय लावली. डोक्यातल्या प्लगची तार सेलवर लाल करायची, दोरी ओढायची, की मी सुरू. माझ्या अंगाला एक बारका स्क्रू आहे. तो सैल केला की तेल जास्त येतं. मी धूर सोडतो, बोबडं बोलतो, पण अंग थंड राहतं. आवळला की तेल कमी होतं, आवाज चढतो, वेग वाढतो आणि आतून मी तापू लागतो. दोन्हींच्या मधली जागा कानानं शोधायची असते. घड्याळाचा काटा पाच मिनिटं सरकावा एवढाच स्क्रू आनंदराव फिरवायचे आणि मग डोळे मिटून ऐकायचे. फार सुखाची वर्षं होती हो ती.

मग हळूहळू ते जास्तच आवळू लागले. मी जीव खाऊन ओरडे, आणि ते म्हणत, अजून दबून बोलून राहिलं. पुन्हा स्क्रूला हात. काय झालंय ते सगळ्यांच्या आधी मला कळलं. आनंदरावांच्या कानातून वरचे आवाज गेले होते. मी जितका उंच ओरडे तितका त्यांना कमी ऐकू येई, आणि कमी ऐकू येई म्हणून ते आणखी आवळत. घरात कोणाला संशय आला नाही, कारण मागवाल्यांच्या घरात सगळेच मोठ्यानं आणि तोंडाकडे बघून बोलतात. मला तोंड असतं तर सांगितलं असतं. असंच चाललं तर एक दिवस मी जळून जाणार हे मला दिसत होतं. आणि जॉबरचा कान गेला म्हटल्यावर आनंदरावांजवळ मानाचं काय उरणार होतं?

त्र्याऐंशीच्या चौदा एप्रिलला वस्तीच्या मैदानात मुलांचा कार्यक्रम होता. धोंडबा म्हणून जयंती समितीचे एक गृहस्थ होते. त्यांनी आठ दिवस आधीपासून सगळीकडे सांगून ठेवलं होतं की आनंदरावांची मोटार मैदानाला पाच फेऱ्या मारणार. निळे झेंडे लागले होते, पोरं दोरीवर ओणवी झाली होती. आनंदरावांनी जाताना स्क्रू आणखी आवळला. कोणी विचारलं तर म्हणाले, उन्हाळ्यात तेल कमीच लागते. ते खरंही होतं, पण एवढं नव्हे. पहिल्या फेरीला टाळ्या पडल्या. तिसऱ्या फेरीत माझ्या आतलं तेल सुकलं, पिस्टनवर ओरखडा उठला आणि सगळ्यांच्या देखत मी जागच्या जागी जाम होऊन बसलो. पोरं हसली. धोंडबा लगेच दुसऱ्या कार्यक्रमाचं नाव पुकारू लागले. आनंदरावांनी मला तापलेलाच धोतरात गुंडाळून घरी आणलं.

त्यानंतर सगळ्यांची झडती झाली. प्लग बदलला. तेलाची नळी बदलली, टाकी खंगाळली, मिश्रण तलम कापडातून दोनदा गाळलं. एरंडेल विकणाऱ्या दुकानदारावरही आळ घेऊन झाला. शेवटी सगळा दोष माझ्यावर आला. पावसाळाभर मी पत्र्याच्या डब्यात पडून होतो. कोणी तेलाचा थेंब घातला नाही. राग आला असंही नाही. कंटाळा मात्र फार आला.

दसरा झाला आणि एका रविवारी आनंदरावांनी मला पुन्हा बाहेर काढलं. पाटावर कसलं, दोरी ओढली, मी कसाबसा सुरू झालो. पुन्हा तेच. आवळ, आवळ, आवळ. कौसल्याबाईंनी चरखा थांबवून कानांवर हात ठेवले. आनंदराव खूश होऊन तेलाच्या डब्याचं झाकण लावायला मागे वळले आणि तेवढ्यात माझा जीव गेला. अंगण शांत झालं. शेजारच्या घरातली भांडी वाजलेली ऐकू यावी एवढं शांत. आणि त्या शांततेत, माझ्या आवाजावर आवाज चढवून बोलावं तसे आनंदराव पाठमोरे ओरडले, "पाय वं कौसल्या, आता कसं बोलून राहिलं!"

कौसल्याबाई उठल्या, त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "ते बंद आहे," त्या म्हणाल्या. "तुमी वळले तवाच बंद पडलं."

आनंदरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग बराच वेळ त्यांनी झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मले काहून नाही सांगितलं?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"काय सांगू?" ते म्हणाले. "मागावर हात ठेवला का समजते मले काय दुखते त्याचं. याले हात लावता येत नाही, पोळते. आयकू येत नाही म्हनलं असतं, त जॉबर कोन म्हनन मले?"

कौसल्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या चिडल्याही होत्या. म्हणाल्या, "मले येते ना आयकू. मी सांगतो तुमाले."

त्या लग्नाआधी आपल्या वडिलांच्या मागावर बसलेल्या होत्या. खडखडाटात बोलायच्या मागवाल्यांच्या हातखुणा त्यांना ठाऊक होत्या. मूठ मिटली की आवळा, उघडली की सैल करा, तळहात आडवा धरला की बरोबर आहे, आता हात लावू नका. त्या दिवशी दोरी पुन्हा ओढल्यावर त्यांनी पहिल्यांदा मूठ उघडली आणि आनंदरावांनी स्क्रू सैल केला. मला वाटलं, रडू यावं. सुकलेल्या अंगातून निळा धूर निघाला आणि मी पुन्हा माझ्या आवाजात बोललो.

पुढच्या चौदा एप्रिलला मी पाच फेऱ्या पुऱ्या केल्या. रिमोट आनंदरावांच्या हातात होता आणि कडेला कौसल्याबाई तळहात आडवा धरून उभ्या होत्या. पोरांना वाटलं, त्या गाडीला दम धरायला सांगताहेत. आपल्या कानांचं आनंदरावांनी कारखान्याच्या मालकालाही स्वतःहून सांगितलं. त्यांचं जॉबरचं काम गेलं, कापडाच्या घड्या घालायला बसवलं. ते सोपं नव्हतं, मित्रांनो. पण कारखान्यातल्या नव्या पोरांच्या कानात कापूस कोंबल्याशिवाय त्यांनी कोणाला मागाजवळ जाऊ दिलं नाही.

तो जुना ओरखडा मात्र भरला नाही. दोन वर्षांनी मी थांबलो तो थांबलोच. माझ्यासारखा पिस्टन इकडे कोणाजवळ मिळत नाही.

तेव्हा एवढंच मागणं आहे. एखादं यंत्र कुरकुरायला लागलं की लगेच त्याचे स्क्रू पिळू नका. आधी फिरवणाऱ्या माणसाच्या समोर जाऊन बसा, त्याला बरं आहे का ते विचारा. आणि तुमचे कान जपा. मला कोणी नवा पिस्टन आणला तर मी उद्याही धावेन. कानाचं तसं नसतं.

अजून दर महिन्याला आनंदराव मला खाली काढतात. तेलाचा एक थेंब घालतात, अंगठ्यानं माझं चाक फिरवतात आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "दम आहे गा अजून तुह्यात." दम नसतो, ते त्यांच्या अंगठ्याला समजत असणार. ते दाराकडे बघतात. कौसल्याबाई तिथे कांड्या भरत बसलेल्या असतात. त्या चरखा थांबवतात आणि तळहात आडवा धरतात.