त्रेपन्न किलो, नववा क्रमांक

तिने गॅस बंद केला, ओला अंगठा ओढणीला पुसला आणि ओट्यावर टेकवून ठेवलेल्या फोनवर टाइप केलं, ‘भिंगरी नववी? यादी करताना चष्मा लावला होता का?’ मग पाठवायच्या खुणेवर अंगठा असा दाबला की फोन घसरून डब्यांवर आपटला. भिंतीपलीकडे, बाहेरच्या खोलीत, सासऱ्यांचा फोन किणकिणला.

ती कान देऊन उभी राहिली. खुर्ची करकरली, खोकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. सासरे एका बोटाने टाइप करत आणि प्रत्येक वाक्यानंतर ऱ्हस्वदीर्घ तपासत. अखेर उत्तर आलं. ‘मा. जाणकार, चष्मा लावला होता. परवाच काच बदलली आहे. आपला, मोजणीदार.’

आपला म्हणे! तिने दातओठ खाल्ले. या माणसाशी भांडण्यातसुद्धा सुख नव्हतं.

‘चटई’ नावाचा तो ग्रुप म्हणजे शालेय कुस्तीने झपाटलेल्या दीडशे लोकांचा अड्डा होता. कोणाचं पोर कुस्ती खेळत होतं, कोणाचं एके काळी खेळलं होतं, आणि उरलेल्यांना घरात कोणी विचारत नव्हतं. शाळेतल्या मुलांना तिथे प्रवेश नव्हता, बाकी सगळं चालायचं. ग्रुपचे ॲडमिन सासरेच होते आणि दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला आपली यादी टाकत: नऊ वजनगट, प्रत्येकात पहिले दहा. आयुष्यभर त्यांनी जमिनी मोजल्या होत्या, भांडणाऱ्या शेजाऱ्यांच्या हद्दीवर दगड रोवले होते, आणि दोन्हीकडच्या शिव्या खाऊन दोरी बोटभरही इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून ते शाळकरी पैलवान मोजायला लागले. लोक यादीवरून तावातावाने भांडत, पण यादी मानत. टेकडीवरच्या शाळेचे प्रशिक्षक सर चारचौघांत सांगत, “असल्या याद्या मी बघत नाही,” आणि सात एकतीसला यादी वाचलेल्यांत पहिलं नाव त्यांचंच असे.

या यादीत त्रेपन्न किलोला तिची मुलगी, म्हणजे यादी करणाऱ्याची सख्खी नात, नववी होती. चटईवर गर्रकन फिरते म्हणून ग्रुपने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं आणि आता घरातही तेच चालायचं. शनिवारी संघांची अंतिम लढत होती, टेकडीवरची शाळा विरुद्ध नदीपलीकडची. बाकीच्या आठ वजनगटांत चार आपले, चार त्यांचे, याबद्दल ग्रुपवर कधी नव्हे ते एकमत होतं. सगळं घोडं त्रेपन्न किलोवर अडलं होतं. टेकडीवरच्या शाळेत त्या वजनाच्या दोन मुली होत्या, एक यादीतली पाचवी आणि एक भिंगरी, आणि चटईवर एकच जाणार होती. भिंगरीचं शाळेचं हे शेवटचं वर्ष होतं.

जाणकार हे नाव तिने सात महिन्यांपूर्वी घेतलं, जुन्या सिमच्या नंबरावरून. त्याआधी एकदा जेवताना तिने एका डावाबद्दल मत दिलं होतं, तेव्हा सासरे “बघू” म्हणाले होते आणि त्यांनी मीठ मागितलं होतं. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने घरी नाही. घरात तिचं मत ऐकायला दुसरं होतं कोण? मग जाणकाराने तोंड उघडलं. लोक त्याला निवृत्त पंच समजत. एकाने तर त्याला ‘गुरुवर्य’ म्हटलं होतं, आणि तो संदेश तिने जपून ठेवला होता.

तिने पुन्हा लिहिलं, ‘नंबर काय चाटायचे आहेत? जोड बघा. समोर घोरपड आहे. तिच्याकडून पाचवी दोनदा हरली, दोन्ही वेळा मिनिटभरात.’

घोरपड ही नदीपलीकडच्या शाळेची, यादीतली दुसरी. एकदा पाय धरला की सोडत नसे.

‘जोड कसली बघता?’ मिशीवाला नावाचा एक आगाऊ माणूस मध्ये पडला. ‘निवड चाचणीत भिंगरी पाचवीकडूनच आपटली की.’

मग दूधवाल्याने विचारलं, ‘जाणकार, भिंगरी तुमची कोणी लागते का हो?’ आणि पुढे दात काढणारे सात चेहरे लावले.

त्या सात चेहऱ्यांनी तिचं डोकं फिरवलं. इस्पितळात ती एक्स-रे काढायची. दिवसातून वीस जण तिला काकुळतीने विचारत, “काय दिसतंय हो?” आणि ती प्रत्येकाला सांगे, “डॉक्टर सांगतील.” अकरा वर्षांत तिने केसाएवढी चीरदेखील कोणाला तोंडाने सांगितली नव्हती. आता मात्र तिचा अंगठा थांबेना.

‘आपटली, कारण तेव्हा तिचा डावा गुडघा दुखावलेला होता. आता बरा आहे, आतून पट्टी बांधते, खेळायला डॉक्टरांची परवानगी आहे. तीन आठवडे झाले, उजवा पाय पुढे टाकून उभी राहते आणि डावा मागे सांभाळते. घोरपड जन्मात उजव्याशिवाय दुसरा पाय धरत नाही. तोच पाय भिंगरी तिला मुद्दाम देते आणि फिरून पाठीवर जाते. लिहून ठेवा.’

पाठवलं. छाती हलकी झाली. दोन मिनिटांनी बघते तर संदेशाच्या जागी एक करडी ओळ: ॲडमिनने काढून टाकला.

असा संताप तिला लग्नानंतर क्वचितच आला असेल. यादी हे करणार, न्याय हे करणार, आणि वर दुसऱ्याचं तोंडही हेच दाबणार! तिने सगळा मजकूर पुन्हा लिहिला, शब्द न् शब्द, शेवटी जोडलं, ‘खरं झोंबतं वाटतं!’ तोही गेला. पण तोवर मिशीवाल्याने त्याचा फोटो काढून परत टाकला होता, खाली ‘लोकशाही चिरायू होवो’ असं लिहून. तो फोटोही गेला, पण सगळ्यांचं वाचून झाल्यावर.

सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“पाणी दे जरा.”

तिने पेला त्यांच्यापुढे आदळला.

“तो एक जाणकार आहे ग्रुपवर,” ते म्हणाले. “नजर चांगली आहे. पण रागात लिहितो.”

“यादी नीट करावी माणसाने. मग कशाला येईल कोणाला राग?”

ते सावकाश पाणी प्यायले, त्यांनी पेला उपडा ठेवला. मग ते बाहेर गेले. नातीला नववी ठेवायची आणि वर शहाणपण शिकवायचं, तिने मनात म्हटलं आणि पातेल्यावर झाकण असं टाकलं की ते फिरतच राहिलं.

शुक्रवारी दुपारी सरांनी संघ जाहीर केला. तेव्हा ती एका जाड्या गृहस्थांच्या छातीचा एक्स-रे काढत होती. त्यांना “श्वास धरून ठेवा” म्हणून ती काचेआड गेली, फोन उजळला, आणि तिने वाचलं: ‘५३ किलो, भिंगरी. जोड बघून निर्णय.’

जोड बघून! तिचा शब्द! तिने बंद खोलीत दोन्ही मुठी हवेत उडवल्या.

“सोडू का?” आतून गुदमरलेला आवाज आला.

“सोडा, सोडा हो!” ती हसत म्हणाली. सासऱ्यांची यादी खड्ड्यात गेली होती आणि तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

शनिवारी क्रीडागृहात ती आणि सासरे शेजारी बसले, मध्ये एक रिकामी खुर्ची ठेवून. कुस्त्यांच्या क्रमासाठी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा त्रेपन्न किलो शेवटी आलं. आठ कुस्त्या झाल्या, चार-चार. मागच्या रांगेत मिशीवाला प्रत्यक्ष बसला होता, आणि त्याला मिशी नव्हती.

भिंगरी चटईवर आली, उजवा पाय पुढे टाकून उभी राहिली. शिट्टी झाली. घोरपडीने त्या पायाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाजूने सरकत गेली, खाली वाकली आणि तिने मागचा, डावा पाय गुडघ्याच्या वर आवळून धरला.

आईला त्याच क्षणी कळलं. समोरच्या बाकावर नदीपलीकडचे प्रशिक्षक दोन बोटांनी आपल्याच डाव्या गुडघ्यावर टकटक करत होते. भिंगरी पडली, उठली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा उठताना तिने चटईवर तळवा टेकला. गुणांचा फरक दहावर गेला तेव्हा पंचांनी नियमाप्रमाणे कुस्ती थांबवली आणि घोरपडीचा हात वर केला. मागून मिशीवाला ओरडला, “म्हणून मी सांगत होतो, पाचवीला उतरवा!” तिला वळून त्याचा गळा धरावासा वाटला. मग कोणाचा धरायला हवा ते आठवलं. शेजारी सासरे चष्मा पुसत होते, आणि स्वच्छ झाला तरी पुसतच होते.

गुडघ्याचा एक्स-रे तिनेच काढला. हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी तीन आठवडे पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर भिंगरी बाहेरच्या खोलीत पलंगावर बसली, पाय उशीवर ठेवून. मग म्हणाली, “हात मिळवताना घोरपड म्हणाली, गुडघा सांभाळ. म्हटलं, तुला काय माहीत? तर म्हणे, आमच्या सरांनी ग्रुपवरचं वाचून दाखवलं.”

आई उगाच उशी सारखी करायला वाकली.

“डॉक्टर सोडले तर तिघांनाच माहीत होतं. सरांना, आईला आणि तुम्हाला. सर तर लिहिणार नाहीत.” तिने मान वर केली. “आजोबा, कोणी लिहिलं?”

“मी,” सासरे म्हणाले.

“तुम्ही?”

“वाद चालला होता. बोलण्याच्या भरात लिहून गेलो. म्हातारपणी तोंडावर ताबा राहत नाही, बाळा.”

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं. “यादीत मला नववी ठेवलंत,” ती म्हणाली. “ते ठीक होतं. मी मैत्रिणींना सांगायची, माझे आजोबा खरं तेच लिहितात म्हणून.” मग भिंतीला धरून, एका पायावर उड्या मारत ती आत गेली आणि तिने दार लोटलं.

सासरे उठले, आणि आई त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. ते बर्फाचा ट्रे नळाखाली धरून उभे होते.

“कधीपासून माहीत होतं तुम्हाला?” तिने विचारलं.

“पहिल्या आठवड्यापासून. गॅस बंद झाल्याचा आवाज आला की जाणकार बोलायला लागतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“घरात तू माझ्याशी दूध संपलं नि वीजबिल आलं एवढंच बोलतेस. तिथे निदान भांडायचीस.” त्यांनी एकेक खडा पिशवीत टाकला. “नवव्या नंबराकडे कोणी बघत नाही गं. हरली होती, त्यामुळे यादीतही बसत होतं. गुडघा बरा होईपर्यंत कोणी बघू नये, एवढंच मनात होतं. तुला सरळ सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.”

तिला स्वतःची लाज वाटली. सात महिने ती भिंतीच्या या बाजूला आपलं कौतुक करून घेत बसली होती.

“असू दे आता,” ते म्हणाले. “माझ्यावर रागावली तर चार दिवस बोलणार नाही. मग येईल. तुझं तसं नको व्हायला. पोरीला आई लागते. जा, बर्फ ने आत.”

ती पिशवी घेऊन आत गेली. भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडली होती. आईने खाटेच्या कडेला बसून तिची पट्टी सोडली, सुजलेल्या गुडघ्यावर बर्फ ठेवला आणि तो सरकू नये म्हणून वर हात ठेवला.

“आजोबांशी मी बोलणार नाही,” भिंगरी भिंतीला म्हणाली.

“आजोबांनी नाही लिहिलं.”

“तेच म्हणाले ना.”

“ते खोटं बोलले. ग्रुपवर जाणकार म्हणून आहे, ती मी. मी लिहिलं. त्यांनी काढून टाकलं, तर मी परत लिहिलं.”

भिंगरी वळली. “परत लिहिलंस?”

“हो. सगळंच्या सगळं.”

भिंगरीने बर्फाखालून पाय हळूच ओढून घेतला आणि पोटाशी धरला. आई पिशवी हातात धरून तशीच बसून राहिली. चादरीवर पाणी ठिबकायला लागलं, तरी ती उठली नाही.