अर्धलीची गाय

रसुलानच्या दिवशी वाडीतली घरं उघडी आणि माणसं सगळी मांडवात. सुगी पदरात पडली म्हणून करायचा तो उत्सव. त्या दिवशी घरी बसेल तो एक तर आजारी, नाही तर भांडकुदळ. वाडी जिला मानाने म्बोक म्हणे ती कासियेम आजारी नव्हती, आणि भांडायला तिला चार माणसांतच आवडायचं. मांडवामागच्या चुलींपाशी बसून साठी उलटलेली ही विधवा केळीच्या पानांत भात बांधत होती आणि शेजारणीच्या हाताला चव का नाही हे तिला समजावून सांगत होती.

तेवढ्यात केंतोंगान वाजला. प्रत्येक ओसरीवर हा पोकळ लाकडी ओंडका टांगलेला असतो. त्याचे आगीचे टोले वेगळे, मरणाचे वेगळे, आणि ते इथल्या शेंबड्या पोरालाही कळतात. हे टोले गुरं चोरल्याचे होते. क्षणात मांडव रिकामा झाला. हाताला लागेल ते घेऊन पुरुष धावले. कुणी बांबू, कुणी दांडकं, एकाने तर भाताचा डावच उचलला. या वाडीचं एवढं मानायलाच हवं, की आपसात कितीही वैर असो, टोले ऐकल्यावर कुणी ‘गाय कुणाची’ असं विचारत बसत नाही.

“काकी!” राईकडून आलेली आरोळी ऐकून पुतण्या तुगिमान धावता धावता ओरडला. “तुमचीच गेली! फाटक्या कानाची!”

कासियेमच्या हातातला भात मातीत सांडला. तिला मूलबाळ नव्हतं, होती ती एवढी एक गाय. छप्पर गळलं तर गाय, गुडघ्याने दगा दिला तर गाय, आणि उद्या डोळे मिटले तर मयताच्या जेवणाची सोयही त्याच गायीत होती. चोराचे हात झडोत, त्याला पाणी न मिळो, असं मोठमोठ्याने बोलत ती लुंगी सावरून धावत सुटली.

सागाच्या राईपाशी गर्दीचं कडं पडलं होतं. वाटेवरच्या पहिल्याच घराच्या ओसरीवर म्हातारी सोइनेम बसली होती. दोन हातांपलीकडचं दिसत नाही म्हणून तीच तेवढी मांडवात गेली नव्हती. येणाऱ्या प्रत्येकाला ती पुन्हा पहिल्यापासून सांगत होती.

“मी बघितलंही नसतं गं! पण माझ्या दारावरून जाताना हा कमरेत वाकला, हात खाली धरला अन् म्हणाला, ‘आजी, पुढून जाऊ का जरा?’ एवढी अदब आपल्या पोरांत तरी राहिलीय का? म्हटलं, कुणाचा गुणी लेक आहे बघावं. मान वर केली, तर मागं कासियेमची गाय!”

लोक हसले. ते हसणं चांगलं नव्हतं.

कड्याच्या मधोमध धुळीत एक हडकुळा माणूस बसला होता. पकडतानाच्या झटापटीत ओठ फुटलेला, सदरा फाटलेला. शेजारी गाय शांतपणे रवंथ करत होती. तिला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. तुगिमान बांबू घेऊन उभा होता.

“या काकी. पहिला फटका तुमचा. गाय तुमची.”

हा इथला रिवाजच. मालकाने पहिला हात उचलायचा, मग बाकीचे. मग कुणी मोजत नाही.

कासियेम खरोखरच मारायला आली होती. पण तुगिमानने पुढे केलेला बांबू तिने पाहिला आणि तिला आपला नवरा दिसला. तरुणपणी बाजारात असंच एक माणूस सापडलं होतं. नवऱ्याने एकच फटका मारला होता. बाकीच्यांनीही मारले, आणि तो माणूस पुन्हा उठलाच नाही. कुणाच्या फटक्याने गेला हे कधीच कळलं नाही. त्यानंतर नवऱ्याने हातात काठी म्हणून धरली नाही. पाय लटपटायला लागल्यावरही भिंतीला धरून चालायचा. रात्री दचकून उठला की त्याला छातीशी धरून बसायचं काम तिचं होतं. आणि त्या मेलेल्या माणसाने चोरली होती एक कोंबडी.

तिने खाली पाहिलं. वडीलधारी माणसं भोवती उभी होती, म्हणून तो चोर अशा अवस्थेतही पावलं पोटाशी घेऊन, पायाचे तळवे लपवून बसला होता. तिला त्याचा भयंकर राग आला. एवढे संस्कार आहेत तर चोरी कशाला करायची, मेल्या!

“बांबू खाली ठेव,” ती तुगिमानला म्हणाली. “हा चोर नाही. गाय मीच दिलीय त्याला. अर्धलीनं.”

अर्धलीने म्हणजे गाय एकाची, सांभाळायची दुसऱ्याने, आणि वासरं वाटून घ्यायची. इथल्या निम्म्या गोठ्यांत अशीच गुरं होती.

“कधी दिली?” तुगिमानने विचारलं.

“तुला विचारून द्यायला हवी होती का?”

“नाव काय त्याचं?”

“ते त्याच्या आईला विचार. मला माझ्या गायीशी मतलब.”

“मग चोरासारखा पळत का होता?”

“पळत होता? म्हातारीसमोर थांबून जाऊ का म्हणून विचारत होता तो! चोर परवानगी मागतो होय रे? तू तरी माझ्या दारावरून जाताना कधी वाकलास?”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. तुगिमानचे कान लाल झाले, पण बांबू त्याने सोडला नाही.

वाडीचे प्रमुख मर्सुदी धापा टाकत पुढे आले. एरवी शब्द मोजून वापरणारा माणूस. बाजारातल्या त्या दिवशी तेही तिथे होते. त्यांनी आधी चोराकडे पाहिलं, मग कासियेमकडे बराच वेळ पाहिलं.

“अर्धलीनं दिली असेल तर चोरी झालीच नाही,” ते म्हणाले. “पण म्बोक, अर्धलीचा दोर चारचौघांसमोर हातात द्यायचा असतो. राहून गेलं असेल. आता दे.”

कासियेमला सगळं समजलं. दोर दिला नाही तर ती खोटी, आणि बांबू बसणार. दिला तर गाय या परक्याबरोबर गेली. चारचौघांसमोर दिलेला दोर ही वाडी कधी परत मागत नाही, मग देणारा कितीही पस्तावो. मर्सुदींनी तिला वाट दाखवली होती, आणि त्या वाटेची किंमतही सांगितली होती.

ती गायीपाशी गेली. तिचा फाटका कान दोन बोटांत धरून जरा वेळ उभी राहिली. मग दोर सोडला आणि त्या माणसाच्या हातात कोंबला.

“पहिलं वासरू तुझं, दुसरं माझं. पाणी वेळेवर पाजत जा. पावसात बाहेर बांधलीस तर याद राख. ऊठ आता.”

त्याने दोर धरला, पण तो उठला नाही.

“ऊठ म्हटलं ना!”

तो उठला. कडं उघडलं. ती खोटं बोलतेय हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, प्रत्येकाचं रक्त उसळलेलं होतं, हातात दांडकी होती, आणि तरीही त्याला कुणी बोट लावलं नाही. मालकिणीने शब्द दिला होता आणि तो सगळ्यांनी ऐकला होता. असं गाव शोधून सापडायचं नाही.

तो माणूस गाय घेऊन राईच्या वाटेने निघाला. कासियेम धुळीत बसली आणि तोंड न झाकता, कुणाची लाज न धरता रडली. “गेली गं माझी गाय,” ती म्हणत होती. म्हातारी सोइनेम चाचपडत आली आणि तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

वळणापाशी तो माणूस थांबला. तिथून पुढे दाट साग, त्यापलीकडे डोंगर. कुणी मागे येणार नव्हतं. तो तिथे नुसताच उभा राहिला. मग वळला आणि गाय घेऊन परत आला. बांबू पोचणार नाही एवढ्या अंतरावर थांबला.

“म्बोक,” तो म्हणाला. “आमच्याकडचा डोंगर सगळा वाळलाय. चारा नाही. गाय तुमच्याच गोठ्यात राहू द्या. मी रोज येऊन गवत कापीन. कुठल्या अंगाला कापायचं, तेवढं सांगा.”

कासियेम मर्सुदींकडे बघायला लागली, मर्सुदी जमिनीकडे.

“वरच्या टेकडीला काप,” शेवटी तुगिमान म्हणाला आणि त्याने बांबू बाजूला फेकला. “ओढ्याच्या अलीकडचं माझं आहे. त्यातली एक काडी जरी हलली ना, तर बघ. विळा आहे?”

“नाही.”

तुगिमानने पाठीमागे कमरेला खोचलेला विळा उपसला आणि त्याच्याकडे चालत गेला. त्या माणसाने डोळे घट्ट मिटले, पण दोर सोडला नाही आणि जागचा हललाही नाही. तुगिमानने विळा उलटा फिरवला आणि मूठ त्याच्या पुढे धरली.

“मूठ ढिली आहे,” तो म्हणाला. “जपून धर.”