लग्नघरचं पाणी

आवडाबाई देवाशी मोठ्यानं बोलायची. सकाळी चहाचं आधण ठेवलं की डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून, घरात काय काय संपलं ते ती त्याला सांगायची. "बापा, तांदूळ दोन दिसांचाच हाय. मशीनचा पट्टा तुटायला आलाय. एस्तेरच्या चपलेचा अंगठा निघालाय." किराणा दुकानात उभं राहून सांगावं तसं. लेक एस्तेर लहान होती तेव्हा तिला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी देव असं ऐकून घेत असेल. मोठी झाल्यावर तिला शेजाऱ्यांची लाज वाटायला लागली, कारण छावणीतल्या त्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं होती आणि आवडाबाईच्या घरात काय नाही ते सकाळी सातलाच गल्लीला कळायचं.

नवरा गेल्यापासून नऊ वर्षं आवडाबाईनं ब्लाउज शिवून, साड्यांना फॉल लावून घर चालवलं होतं आणि लेकीला नर्स केलं होतं. मागितलेलं सगळं मिळालं असं नव्हे. एखाद्या सकाळी चहापत्ती नसली तर ती नुसतं दूध प्यायची आणि म्हणायची, "आज त्याच्या मनात दूधच व्हतं."

त्या उन्हाळ्यात एस्तेरचं लग्न ठरलं. मुलगा चितेगावचा, वाळूजला कारखान्यात फिटर. मे महिन्यातला शनिवार धरला. सकाळी अकराला चर्चमध्ये लग्न, मग गल्लीतच मांडव घालून दोनशे माणसांचं जेवण. आवडाबाईचा थोरला भाऊ कारभारी गंगापूरहून गहू आणि तूरडाळ घेऊन दोन दिवस आधीच आला आणि आल्याआल्या मांडववाल्याशी वाद घालायला लागला, म्हणजे लग्नघर सुरू झालं.

शहरात तेव्हा नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. गल्लीची पाळी लग्नाआधीच्या गुरुवारी होती. आवडाबाईनं तारीख काढतानाच ते बघून ठेवलं होतं. पण गुरुवारी नळाला नुसती हवा आली. कुठंतरी मोठा पाइप फुटला होता, आता पाणी रविवारी. कारभारीनं लगेच टँकर सांगितला. शुक्रवारी दुपारी टँकरवाल्या गयासचा फोन आला. विहिरीवरची मोटार जळाली होती, दोन दिवस गाडी भरणार नव्हती. कारभारीनं आणखी पाच ठिकाणी फोन लावले. लग्नसराईत कुणाचाच टँकर मोकळा नव्हता. पिण्याचे जार तेवढे मिळाले.

"पिऊन जातील लोकं, पण जेवतील काय?" आचारी फकिरा म्हणाला. तो चुलीच्या विटा मांडत होता, ते सोडून उभा राहिला. "डाळ-तांदूळ धुवायचा, भात-वरण शिजवायचं, वांगी चिरून पाण्यात टाकायची, वर भांडी घासायची. लई ओढून धरलं तरी दोन हजार लिटर लागंल, बाई."

"आवडे, माझं ऐक," कारभारी म्हणाला. "जेवणाचं राहू दे. चहा-बिस्किटावर भागवू. माणसं समजून घेतील."

आवडाबाई आत जाऊन मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. पलीकडच्या खोलीत मैत्रिणी एस्तेरच्या हाताला मेंदी लावत होत्या, हसत होत्या. चितेगावची माणसं उन्हातून टेम्पोत बसून येणार, आणि त्यांच्या हातावर बिस्कीट ठेवायचं, या विचारानं ती घाबरून गेली. रोज घडाघडा बोलणाऱ्या बाईला शब्द सुचेना. "बापा," ती एवढंच म्हणाली, "तुला दिसतंयच." घाबरलेपण गेलं नाही, पण हातपाय हलायला लागले. तिनं तोंड पुसलं, पदर खोचला आणि बाहेर येऊन म्हणाली, "दादा, मी भांडी मागून आणते. टाक्या, हंडे, पातेली. आपल्या घरात दोन बादल्यांवर काय नाय."

"पाण्याचा पत्ता नाय आन् भांडी कशाला?"

"पाणी देणारा देईल. धरायला भांडं तर पायजे का नको?"

कारभारीनं फकिराकडं बघितलं. फकिरानं आभाळाकडं बघितलं. आभाळात काही नव्हतं.

पहिलं घर समोरच्या वहिदाचं. तिच्याकडं ईदच्या बिर्याणीचं मोठं पातेलं होतं. आवडाबाईनं ते मागितलं आणि विचारल्यावर पाण्याचं सगळं सांगितलं. वहिदानं पातेलं काढलं, पुसलं आणि तसंच दारात घेऊन थांबली.

"मावशी, लग्नाच्या घरी खाली पातेलं कसं पाठवू? बरं दिसत नाय ते." ती आत गेली आणि आपल्या पिंपातलं पाणी त्यात ओतायला लागली.

"अगं, तुझीबी पाळी चुकलीय. लेकरं काय पितील?"

"पिण्याचं ठेवलंय की. हे कूलरचं हाय. दोन दिवस नाय लावला कूलर तर मरतो का आम्ही?"

आवडाबाईच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मे महिन्यात गल्लीतला एकेक कूलर दिवसाला चार-पाच बादल्या पाणी पितो. ती पुढच्या दाराशी गेली तोवर वहिदाचा आवाज तिच्या पुढं गेला होता. द्वारकाबाईनं कळशी दिली ती भरून. पुंजारामच्या सुनेनं रंगाचे जुने डबे दिले, तेही गळ्यापर्यंत भरून. कुणी अर्धीच बादली दिली आणि अर्धी का दिली ते सांगत बसली. आवडाबाई नको नको म्हणत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बघता बघता मांडवाच्या कडेला पितळ, स्टील, प्लास्टिक अशी रांग लागली. कारभारीनं मोजलं. सहाशे लिटर भरलं.

"अजून लई कमी हाय," फकिरा म्हणाला. पण त्यानं विटा पुन्हा मांडायला घेतल्या होत्या.

गल्लीत एक दार आवडाबाईनं सोडलं होतं. कोपऱ्यावरच्या सारजाबाईचं. एसटीतून रिटायर झालेल्या ड्रायव्हरची ही बायको. तिच्या घरात दोन हजार लिटरचा हौद होता आणि नळाला थेट लावलेली मोटार. दोन वर्षांपूर्वी आवडाबाई भर गल्लीत म्हणाली होती की ही बाई मोटार लावून साऱ्यांच्या नळाचं पाणी ओढते. तेव्हापासून दोघी एकमेकींना बघून पदर सारखा करायच्या आणि वाट बदलायच्या. लग्नाची पत्रिकाही आवडाबाईनं एस्तेरच्या हातून पाठवली होती.

ती रांगेजवळ उभी राहिली. दार सोडलं ते मुद्दाम, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सगळ्या दारात हात पसरला आणि इथं मान ताठ राहिली. "माझी मान तूच वाकव बापा, माझ्यानं व्हत नाय," ती पुटपुटली, आणि चालायला लागली.

सारजाबाई दारातच गहू निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"सारजाबाई," आवडाबाई म्हणाली, "त्या दिशी मी चार माणसांत बोलले. तसं बोलायला नको व्हतं."

"बोललीस ते खोटं नव्हतं." सारजाबाईनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "समद्यांच्या दारात गेलीस. माझ्या दारात काय काटे हायत?"

"लाज वाटत व्हती."

"पत्रिका लेकीच्या हातून पाठवली, तवाच कळलं मला." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, आत गेली आणि हौदावरचं झाकण तिनं सरकवलं. हौद पाऊण भागाहून जास्त भरलेला होता. "मोटारीनं तुझं पाणी ओढते म्हणत व्हतीस ना? हे घे. तुझंच हाय, जपून ठेवलं व्हतं."

आवडाबाईला आधी कळलंच नाही, मग दोघींना एकदम हसू फुटलं. हसता हसता आवडाबाईनं तिचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही. सारजाबाईनं मोटार उलटी जोडली, हौदातून लांब नळी मांडवापर्यंत टाकली आणि स्वतः तिथं उभी राहून पुरुषांना सांगायला लागली, नळी कुठं दाबायची नाही, टाकी कुठवर भरायची. कारभारी मुकाट्यानं ऐकत होता. गंगापुरात त्याला असं कुणी सांगितलं नसतं.

शनिवारी चर्चमध्ये पाळकांनी दोघांना आशीर्वाद दिला तेव्हा आवडाबाई पहिल्या बाकावर होती आणि तिच्या एका बाजूला वहिदा, दुसऱ्या बाजूला सारजाबाई. गाणं सुरू झालं तसं सारजाबाईनं पुस्तक उलटं धरलंय हे आवडाबाईच्या लक्षात आलं. तिनं ते सरळ करून दिलं.

चितेगावहून एकाऐवजी दोन टेम्पो आले. फकिरानं माणसं बघितली आणि भाताचं आणखी एक पातेलं चढवलं. पानात पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. घरात बसावं तर कूलर बंद, म्हणून सगळी गल्लीच मांडवात येऊन बसली होती. घामाघूम, पण कुणी उठायला तयार नव्हतं. मुलाचा आजा तीनदा वरण मागून म्हणाला, "गोड लागतंय. कुठल्या विहिरीचं पाणी?"

"समद्या घरचं हाय, आबा," वाढता वाढता कारभारी म्हणाला. मग कालच्या दुपारी आपण काय बोललो होतो ते त्यानं स्वतःच सगळ्यांना हसत सांगितलं, बिस्किटांसकट.

लेक सासरी गेली तेव्हा उन्हं कलली होती. आवडाबाई रडली, जेवढं आईनं रडावं तेवढं. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला. मागं वळली तर सारजाबाई दोन पानं वाढून बसली होती.

"सकाळपासून तुझ्या पोटात काय नाय. बस."

"हात धुते."

"धू की. पाणी उरलंय लई."

आवडाबाईनं हात धुतले, तोंडावर पाण्याचा हबका मारला आणि ओल्या तोंडानंच सारजाबाईला खेटून पानावर बसली.