दोघींची एक मांडणी

मित्रांनो, मी एक जुनी मांडणी आहे, पण भांड्यांची नव्हे. एका लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये, नखाएवढ्या जागेत माझा संसार. मला कॅश मेमरी म्हणतात. सध्या मी रागाने धुमसते आहे. का, ते ऐकाच.

आमच्या घरात दोन कोअर आहेत, जणू सख्ख्या जावा. सगळे काम त्याच उपसतात. प्रत्येकीच्या कमरेला चिमुकली पिशवी, ती जिची तिची. मी मात्र दोघींची. मोठी मेमरी म्हणजे लांबचा बाजार. सारखी लागणारी माहिती तिथून आणून माझ्यावर ठेवली, की खेप वाचते. थोरलीने ठेवावे, धाकटीने न्यावे. एक निजली, तर सारी मांडणी दुसरीला मोकळी. काही घरांत मांडण्या वेगळ्या असतात. तिथे कुरबुर नाही, हे खरे. पण तीच वस्तू दोन्हीकडे मांडावी लागते आणि एकीची रिकामी फळी दुसरीच्या कामी येत नाही. माझ्यावरही कधी एकीचा पसारा वाढतो, दुसरीचे सामान ढकलले जाते. एकत्र राहायचे तर एवढे चालायचेच!

आमची मालकीण शिवणकाम करणारी मावशी. भरतकामाचे नमुने ती आमच्यावरच काढते. तिने हौसेने लॅपटॉपला जाड, मऊ अभ्रा शिवला. पडदा आणि बटणे तेवढी उघडी. तेव्हापासून आम्ही रखडू लागलो.

तिचा भाचा आला. खुर्चीत रेलून म्हणाला, "मावशी, याची कॅश सामाईक आहे गं. एका ताटात दोघं जेवले की दोघंही उपाशी! दे भंगारात."

"आणि माझे नमुने?"

"नव्यात काढ की!"

चोर सोडून संन्याशाला सुळी! इतकी वर्षे दोघींना पुरले ती मी, आणि माझ्यामुळे घर मोडायचे?

जड मनाने मावशीने आम्हाला उचलले आणि दचकली. "अगं बाई, हा तर भाजतोय!" तिने अभ्रा ओढून काढला. खाली वाऱ्याच्या सगळ्या फटी कापडाने बंद. "मीच याचं नाक शिवून टाकलं की रे!"

"पण कॅश..."

"गप! तुझ्या तोंडाला उशी बांधते, मग धाव बघू."

अंग पोळले की जळू नये म्हणून आम्ही पावले आवरतो, मित्रांनो. गार वारा लागताच दोघी जावा पुन्हा भराभर चालू लागल्या. मावशीने अभ्र्याला खिडकी कापली आणि कडेने काजाची शिलाई घातली.

भाच्याने अजून माझी माफी मागितलेली नाही. तुम्ही तरी एवढे करा. एखादी वस्तू रखडली, तर तिच्या घराण्याला नावे ठेवण्याआधी तिच्या पाठीवरून हात फिरवा. ती तुमच्याच मायेने गुदमरत असेल.