खंदकाला हार

"कपाळच न्हाय, तर गंध लावू कुठं?" पारूबाई माझ्या कानाशी कुरकुरल्या.

भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो म्हणून इटलीतली जमीन टांगली होती, महायुद्धात विमानातून टिपलेली. वडिलांचा खरा फोटो कधी काढलाच नव्हता. ते लढाईवर गेले ते गेलेच. फोटोत जो खंदक दिसत होता, त्यातच ते पडले, असं पारूबाईंच्या भाच्यानं, भाऊसोंनी, ठरवलं होतं. तालमीच्या दारात त्यांच्या नावाची शिळाही बसली होती. उद्या सकाळी उद्घाटन. मला बोलावलं होतं ते ‘हाच तो खंदक’ म्हणून बोट ठेवायला. ब्लाउज शिवून उरलेल्या वेळात मी असले फोटो वाचायला शिकलेय, आणि आमच्या गल्लीत ह्या विषयात दुसरं कुणी नाही.

मी बघितलं. झाडांच्या सावल्या वरच्या बाजूला पडलेल्या.

खोटं बोट ठेवणं काही अवघड नव्हतं. पण पंच्याऐंशीच्या पारूबाई त्या बोटाचीच वाट बघत होत्या.

"भाऊसो, फोटो उलटा करा."

"आज्जाला उलटं टांगू व्हय?"

"सावली आपल्याकडं पडाय पायजे. न्हाय तर डोळा फसतो, उंचवट्याचा खड्डा दिसतो."

भाऊसोंनी फोटोवरचा हार सरळ केला. मग हारासकट फोटो उतरवून फिरवला. खंदक हळूच वर आला आणि कालव्याकाठचा बांध झाला. भाऊसोंनी अंदाजानं लावलेला गंधाचा ठिपका आता बरोबर बांधावर.

"अनुजावैनी, शिळेवर खंदक कोरलाय की!" भाऊसो म्हणाले. "बांधावर मेला म्हटलं तर लोक म्हणतील, भाऊबंदकीत गेला."

"दुसरा फोटो शोधू. पलटणीचा कागद द्या. कुठं पडले, कवा पडले, त्यावरनं सापडंल."

कागदाचं नाव काढताच भाऊसो पंख्याचं बटण तपासू लागले. त्यांची बायको चहा बघायला आत गेली. चहा आमच्या समोरच होता.

पारूबाईंनी पदरानं काचेवरचं गंध पुसलं.

"कागद न्हाय आला, भाऊसो. पत्र आलतं. लढाई संपून दोन वर्सं झालती. आईला वाचाय येत न्हवतं. मी दुसरीत हुतो, मीच वाचून दावलं. तिकडं दुसरं घर केलंय म्हणून लिवलं हुतं. बा मेला न्हवता रं. आमास्नी सोडून गेलता."